रेवस धक्क्यावर फ्लॅश वापरताना

अंतर : फ्लॅशपासूनचं अंतर दुप्पट झालं की उजेड चौथाईवर येतो. माणूस १ मीटरवर आणि मागची लाँच ४ मीटरवर असेल, तर लाँचवर सोळावा हिस्साच उजेड पडतो. चेहरा उठून दिसतो, मागची गर्दी काळोखात जाते.

सेटिंग : अ‍ॅपर्चर एफ/८, फोकस आधीच १ मीटरवर. समोरच्या करंजाच्या बाजूचं सांजेचं आभाळही हवं असेल, तर शटर १/३० पर्यंत उतरवा.

दाखला : न्यूयॉर्कचे छायाचित्रकार ब्रूस गिल्डन (जन्म १९४६) फ्लॅश हातात धरून अनोळखी माणसांना अगदी जवळून टिपतात.

भान : अंधारात बोट धक्क्याला लागताना तांडेलाच्या डोळ्यांवर फ्लॅश मारू नका, दिपलेली नजर अंधाराला पुन्हा सरावायला कित्येक मिनिटं लागतात. कुणी ‘नको’ म्हटलं, तर फोटो त्यांच्यासमोरच पुसून टाका.