सेलेनावर पुस्तक आहे, धवलारणीवर कधी?

सेलेना क्विंतानियाला लहानपणी स्पॅनिश येतच नव्हतं. १९७१ साली टेक्सासमध्ये जन्मलेली ही मुलगी इंग्रजीच बोलायची. स्पॅनिश गाणी ती शिकली नुसती कानाने, शब्दांचा आवाज पकडून. भाषा मागाहून आली. १९९४ मध्ये तिला ग्रॅमी मिळालं आणि पुढच्याच वर्षी तिचा खून झाला. वय फक्त २३. म्हणजे आपल्यातल्या एमएच्या पोरींएवढी.

आज अगदी छोट्या मुलांसाठी तिच्यावर जाड पुठ्ठ्याचं चित्रांचं पुस्तक आहे, इंग्रजी आणि स्पॅनिश दोन्ही भाषांत. ते काढणारं ‘लिल लिब्रोस’ हे प्रकाशन पॅटी रॉड्रिगेझ आणि आरियाना स्टाईन या दोन मैत्रिणींनी सुरू केलं. क्युबाची गायिका सेलिया क्रूझ हिच्यावर तर २००४ मध्येच मोनिका ब्राउनने लिहिलेलं आणि राफाएल लोपेझने रंगवलेलं द्विभाषिक पुस्तक आलं. सेलियाने १९६० मध्ये देश सोडला. आई गेली तेव्हाही तिला परत येऊ दिलं नाही. गाताना मध्येच ती ओरडायची, ‘असूकार!’ म्हणजे साखर. आता हा शब्द पोराला स्पॅनिशमध्येच ऐकवायला हवा ना?

या पुस्तकांची खरी गंमत इथेच आहे. आजी तिच्या भाषेत वाचते, नातू शाळेच्या भाषेत, आणि पान एकच. घरात बोलतात ती भाषाही छापली जाते, हे पोराला शाळेत जायच्या आधीच कळतं.

आता दिवा-रोहा मेमूत बसा आणि कान द्या. एकाच डब्यात आगरी, कातकरी, शाळेतली मराठी आणि इंग्लिश मीडियम. पेणच्या आगरी घरातलं पोर ‘मला’ नाही, ‘मना’ म्हणतं. पाण्याला ‘पानी’ म्हणतं. बालवाडीत गेलं की पहिल्यांदा हेच दुरुस्त होतं.

आणि गायिका म्हणाल, तर प्रत्येक आगरी लग्नात असायची ती धवलारीण. लग्नातल्या एकेका विधीला तिचा धवला ठरलेला. सगळं तोंडपाठ, कागद नाही. काही ठिकाणी तर भटजीपेक्षा तिचाच मान मोठा. मराठी साहित्यवाल्यांनी इथे थांबा: तेराव्या शतकातल्या महदंबेचे ‘धवळे’ तुम्ही अभ्यासलेत, तेही लग्नातलेच. आगरीत ‘ळ’चा ‘ल’ होतो, एवढाच फरक. महदंबा अभ्यासक्रमात आहे. धवलारीण आपल्या रीलमध्ये असते, तीही बॅकग्राउंडला, आणि कॅप्शनमध्ये तिचं नाव नसतं. (डीजेवाल्याला मात्र टॅग केलेलं असतं.)

इंग्रजी-मराठी द्विभाषिक चित्रपुस्तकं आपल्याकडे आहेत. ‘तूलिका’ आणि ‘प्रथम बुक्स’ ती काढतात. पण त्यांत मराठी ही घरची भाषा धरलेली असते. हमरापूर-जोह्याच्या मुलासाठी मराठी हीच शाळेची भाषा आहे. त्याचं पुस्तक आगरी-मराठी हवं. रोह्याच्या डोंगरातल्या वाडीवर कातकरी-मराठी.

हे अवघड आहे का? ‘प्रथम’च्या ‘स्टोरीवीव्हर’वर २०१५ पासून कुणीही गोष्ट लिहून फुकट प्रकाशित करू शकतं. चित्रकार शोधायला मुंबई गाठायची गरज नाही. ज्या तालुक्यात कॉलेजची पोरं सुट्टीत कारखान्यात बसून गणपतीच्या डोळ्यांची आखणी करतात, तिथे बारा पानं रंगवायला हात कमी पडणार नाहीत. वेळ जाईल तो धवलारणीपाशी बसण्यात. ती लहानपणी कुणाच्या मागे उभी राहून शिकली, पहिला धवला कुठल्या मांडवात गायली, हे तिलाच विचारावं लागेल. छापायला तिची परवानगीही घ्यावी लागेल, आणि कव्हरवर तिचं पूर्ण नाव.

लग्नसराई तुळशीच्या लग्नानंतर सुरू होते.