कचेरी सांभाळून फिल्म धुताना

परवा कचेरीत आवक-जावक नोंदवणाऱ्या एका तरुण सहकाऱ्याने माझ्या टेबलावरचा जुना कॅमेरा हाती घेऊन, "साहेब, फायलींच्या या रगाड्यात याला फुरसत कधी काढता?" असे विचारले. घाईत देता न आलेले ते उत्तर येथे सविस्तर देत आहे.

35 मिलिमीटरच्या रिळात छायाचित्रे 36. दिवसाला एक, फार तर दोन, एवढाच खर्च मी मंजूर करतो. लख्ख उन्हात 400 संवेदनक्षमतेच्या फिल्मला एफ-16 छिद्र आणि सेकंदाच्या 1/500 भागाचा वेग, हा हिशेब तोंडपाठ असला की जेवणाच्या सुटीतली दहा मिनिटेही पुरतात.

खरा आनंद रविवारी पहाटे. न्हाणीघराच्या दाराच्या फटी कांबळ्याने बुजवून, निबिड अंधारात केवळ बोटांच्या टोकांनी फिल्मची कड चाचपत ती धुण्याच्या टाकीतल्या चक्रीच्या खाचेत सरकवताना, आठवड्याभराचे सारे मुदतीचे कागद मनातून आपोआप गळून पडतात.

एचपी-5 प्लस या फिल्मला आयडी-11 या विकासक रसायनाच्या मूळ द्रावणात 20 अंश सेल्सिअसवर साडेसात मिनिटे लागतात. परंतु आपल्याकडे उन्हाळ्यात नळाचे पाणीच त्याहून बरेच ऊन असल्यामुळे, आणि उष्ण द्रावणात प्रतिमा वाजवीपेक्षा शीघ्र गडद होत असल्यामुळे, द्रावणाची बाटली आधी बर्फाच्या पाण्यात उभी करून तापमापकाने खात्री करून घ्यावी.

एखादा रविवार हुकला तरी चिंता नको. रौप्यक्षारांवर उमटलेली अदृश्य प्रतिमा थंड, कोरड्या जागी काही आठवडे सुखरूप राहते.

टाकी, द्रावणे, वेळ यांविषयी काही अडत असेल तर निःसंकोच विचारा. कचेरी सुटल्यावर प्रत्येकाला उत्तर देईन.