नव्या सेवेची पूर्वपरीक्षा : मत आणि वापर

एखादी नवी सेवा लोकांना खरोखरच हवी आहे की नाही, हे ती उभारण्यापूर्वी कसे जाणावे, हा प्रश्न वरकरणी व्यापाराचा आणि व्यवस्थापनशास्त्राचा आहे. भाषाशास्त्राच्या अभ्यासकांनी त्यात लक्ष घालण्याचे कारण काय, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर असे की, आज निर्माण होणाऱ्या सेवांपैकी पुष्कळशा बोलणाऱ्या आणि ऐकणाऱ्या आहेत. खात्यातील शिल्लक सांगणे, आरक्षण करणे, पिकावरील रोगाबद्दल सल्ला देणे ही कामे दूरध्वनीवरील यंत्राकडे सोपविली जात आहेत. अशा सेवेचा ग्राहक हा ग्राहक होण्यापूर्वी एका भाषेचा बोलणारा असतो. तो आपली मागणी कोणत्या शब्दांत मांडील, हे ठाऊक नसता उभारलेली सेवा कितीही खर्चिक असली तरी मुकी आणि बहिरीच राहते. म्हणून सेवेच्या कल्पनेची अल्पकाळात आणि अल्पखर्चात परीक्षा कशी घ्यावी, आणि अशा परीक्षेतून काय सिद्ध होते व काय होत नाही, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

या परीक्षेचे मूळ तत्त्व एकच आहे : ग्राहकाचे मत आणि ग्राहकाचे वर्तन या दोन भिन्न वस्तू आहेत. ‘अशी सेवा निघाली तर तुम्ही वापराल काय?’ या प्रश्नाला मिळणारे उत्तर हे मत होय. त्यात सौजन्य असते, कुतूहल असते, विचारणाऱ्याला बरे वाटावे अशी इच्छा असते. वापराचा पुरावा मात्र नसतो. भाषाशास्त्राला हा भेद नवा नाही. आपण कसे बोलतो, याविषयी माणूस जे सांगतो आणि तो प्रत्यक्ष जसे बोलतो, त्यांत अंतर असते, हे प्रत्येक क्षेत्रीय अभ्यासकाने अनुभविले आहे.

या अंतरावर मात करण्याचा एक प्रसिद्ध प्रयोग विल्यम लबॉव्ह यांनी १९६२ साली न्यूयॉर्क शहरात केला. प्रतिष्ठेच्या दृष्टीने उच्च, मध्यम आणि कनिष्ठ अशी तीन मोठी दुकाने त्यांनी निवडली : सॅक्स, मेसीज आणि एस. क्लाइन. जी वस्तू चौथ्या मजल्यावर मिळते तिच्याविषयी ते विक्रेत्याला विचारीत. ‘चौथा मजला’ या अर्थाच्या इंग्रजी शब्दजोडीत ‘र’ हा वर्ण दोनदा येतो. ऐकू न आल्यासारखे दाखवून ते उत्तर पुन्हा वदवून घेत आणि बाजूला जाऊन उच्चाराची नोंद करीत. अशा २६४ विक्रेत्यांच्या नोंदी झाल्या. ‘र’चा उच्चार सर्व किंवा काही ठिकाणी करणाऱ्यांचे प्रमाण सॅक्समध्ये ६२ टक्के, मेसीजमध्ये ५१ टक्के आणि क्लाइनमध्ये २० टक्के आढळले. एकाही विक्रेत्याला ‘तुम्ही र उच्चारता काय?’ असे विचारावे लागले नाही. प्रश्न लहान, परिस्थिती स्वाभाविक, उत्तर वर्तनातून. जलद प्रयोगाची तीनही लक्षणे येथे एकत्र आढळतात.

आता सेवेकडे वळू. अद्याप अस्तित्वातच नसलेल्या सेवेचा वापर कसा पाहावा? याचे उत्तम उदाहरण आय. बी. एम. या संस्थेच्या संशोधनकेंद्रात जॉन गूल्ड, जॉन कॉन्टी आणि टॉड होव्हानिएझ यांनी केलेल्या, १९८३ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत सापडते. विषय होता ‘ऐकणारे टंकलेखनयंत्र’. लेखकाने बोलावे आणि त्याचे शब्द आपोआप पडद्यावर उमटावेत, अशी ही कल्पना. त्या काळी विश्वासार्ह असे यंत्र बनविणे शक्य नव्हते. म्हणून संशोधकांनी यंत्राच्या जागी माणूस बसविला. सहभागी व्यक्ती ध्वनिक्षेपकासमोर पत्र सांगे. नजरेआड बसलेली कुशल टंकलेखिका ते टंकित करी. आणि शब्द सांगणाऱ्याच्या पडद्यावर उमटत.

एवढ्यावरच हा प्रयोग थांबला असता तर त्याचे मोल बेताचेच राहिले असते. त्याचे वैशिष्ट्य असे की, भावी यंत्रात जे दोष राहण्याचा संभव होता तेच दोष त्यात बुद्ध्या ठेवले होते. काही प्रकारांत यंत्राचा शब्दसंग्रह १००० शब्दांचा, काहींत ५००० शब्दांचा, तर काहींत अमर्याद मानला होता. काहींत प्रत्येक शब्दानंतर थांबून, शब्द सुटे करून बोलावे लागे, काहींत सलग बोलता येई. म्हणजे प्रश्न ‘असे यंत्र चांगले काय?’ असा ढोबळ नव्हता. ‘कोणत्या प्रकारचे अपुरे यंत्र पत्रलेखनाला पुरेल?’ असा नेमका होता. निष्कर्षही तसाच नेमका निघाला. काही प्रकार, अगदी पहिल्याच वापरात, हाताने लिहिण्याच्या किंवा मजकूर सांगण्याच्या रूढ पद्धतींइतके तरी उपयुक्त ठरले. आणि शब्दसंग्रह मोठा असेल तर शब्द सुटे करून बोलण्याची अट घालूनही उपयुक्त यंत्र होऊ शकेल, असे दिसले. पुढे १९९० साली बाजारात आलेला ‘ड्रॅगनडिक्टेट’ हा संगणककार्यक्रम शब्द सुटे करून बोलण्याच्या अटीवरच चालत असे. सलग बोलणे समजणारा त्याचा उत्तराधिकारी १९९७ साली आला.

येथे एक पाठभेद नोंदविण्याजोगा आहे. व्यवसायविषयक लेखनात या प्रयोगाची जी कथा आता सांगितली जाते, तीत निष्कर्ष उलटा असतो. यंत्राची आतुरतेने वाट पाहणाऱ्या ग्राहकांचे घसे दुखले, कार्यालयात गोंगाट झाला, गोपनीय मजकूर मोठ्याने सांगता येईना, आणि म्हणून कल्पना वेळीच सोडून देता आली, असे तिचे तात्पर्य. कथा बोधप्रद आहे आणि तीतील अडचणी खऱ्या असू शकतात. परंतु १९८३ च्या निबंधाचा निष्कर्ष तो नव्हे. ग्रंथांच्या पाठांची चिकित्सा करणाऱ्यांना हे ओळखीचे वाटेल : पुनःकथनात संदर्भ गळतो आणि उपदेश तेवढा उरतो. जलद प्रयोगांच्या बाबतीत हा धोका विशेष आहे, कारण प्रयोग लहान असल्याने त्याच्या अटी स्मरणातून लवकर जातात. पत्रलेखन, ठराविक शब्दसंग्रह आणि काही तासांचा वापर या अटी वगळून तो निष्कर्ष सांगणे म्हणजे तो न सांगण्यासारखेच आहे.

माणसाला यंत्राच्या जागी बसविण्याच्या या रीतीला जे. एफ. केली यांनी ‘ओझ’ पद्धती असे नाव दिले. पडद्याआड बसून जादूगार म्हणवून घेणारा साधा माणूस एल. फ्रँक बॉम यांच्या १९०० सालच्या बालकथेत आहे; त्यावरून हे नाव आले. केली यांनी दिनदर्शिका सांभाळणारा ‘कॅल’ नावाचा कार्यक्रम रचला. त्याचे वर्णन १९८४ साली प्रसिद्ध झाले. आरंभी ग्राहकाने आपल्या नित्याच्या इंग्रजीत टंकित केलेल्या वाक्यांना पडद्याआडचा माणूसच प्रतिसाद देई. त्या वाक्यांवरून शब्दसंग्रह आणि नियम बसविले गेले. कार्यक्रम जसजसा समर्थ होत गेला तसतसा माणसाचा हस्तक्षेप कमी केला गेला, आणि अखेर तो पूर्णपणे थांबविला. अंतिम चाचणीत, निरनिराळ्या निकषांनुसार, ८६ ते ९७ टक्के मागण्यांना कार्यक्रमाने बरोबर प्रतिसाद दिला. त्याची रचना अत्यंत साधी होती. वाक्याचे व्याकरणिक पृथक्करणही तो करीत नसे. त्याचे यश लोकांच्या प्रत्यक्ष वाक्यांतून घडविलेल्या कोशाचे होते. येथे जलद प्रयोग केवळ परीक्षेचे साधन न राहता सामग्री गोळा करण्याचे साधन झाला, ही गोष्ट आपल्या दृष्टीने विशेष महत्त्वाची आहे.

भारतातील एक उदाहरण गुजरातमधील आहे. तेथील लहान शेतकऱ्यांसाठी ‘अवाज ओटलो’ ही दूरध्वनीसेवा २००८ च्या सुमारास आखली गेली. यातील ‘ओटलो’ म्हणजे आपला ओटा. गप्पा मारण्याची, विचारपूस करण्याची जागा. शेतकऱ्याने यंत्राशी बोलून पर्याय निवडावा, की दूरध्वनीची कळ दाबून? बोलणे अधिक स्वाभाविक, विशेषतः अल्पशिक्षितांना, असा तर्क सहज सुचतो. परंतु नील पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ४५ जणांवर केलेल्या आणि २००९ साली प्रसिद्ध झालेल्या तौलनिक प्रयोगात काम तडीस नेण्याचे प्रमाण कळ दाबणाऱ्यांत लक्षणीयरीत्या अधिक आढळले. आणि हा फरक तीस वर्षांखालील व आठवीपेक्षा कमी शिकलेल्या लोकांत विशेष होता. पुढे ५१ शेतकऱ्यांनी सात महिने ती सेवा वापरली, तेव्हा सर्वाधिक पसंती प्रश्न विचारण्याच्या आणि इतरांचे प्रश्न व उत्तरे ऐकण्याच्या सोयीला मिळाली. ही दुसरी गोष्ट पहिल्या प्रयोगात कळणे शक्यच नव्हते. अल्पकालीन प्रयोग आणि दीर्घकालीन वापर यांचे उत्तरप्रांत वेगळे आहेत, असा याचा अर्थ.

मराठीत अशी सेवा करावयाची असल्यास या रीतीची किती निकड आहे, हे ‘कॅल’सारख्या दिनदर्शिकेचीच कल्पना केली असता ध्यानात येईल. आपला ‘परवा’ मागचाही असतो आणि पुढचाही. ‘परवा भेटलो’ आणि ‘परवा भेटू’ यांतील काळ क्रियापदाने कळतो, पण ‘परवाची बैठक कोठे आहे?’ या वाक्यात क्रियापदही पुरेसे साह्य करीत नाही. वेळ सांगताना ‘सव्वा’, ‘साडे’, ‘पावणे’, ‘दीड’, ‘अडीच’ हे शब्द येतात. ‘पावणेपाच’ या शब्दात पाच आहे, पण पाच वाजलेले नाहीत. बालभारतीने २०१९ साली दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘एकवीस’ याच्या जोडीला ‘वीस एक’ असे संख्यावाचन आणले. तेव्हा संख्यांची दोन्ही रूपे ऐकू येण्याची तयारी ठेवावी लागेल. बैठक एक जण ‘पुढे ढकला’ म्हणेल, दुसरा ‘लांबणीवर टाका’, तिसरा ‘पोस्टपोन करा’. आणि मराठी माणूस यंत्राला ‘दाखव’ म्हणेल, ‘दाखवा’ म्हणेल, की ‘दाखवता का?’ असे विचारील? व्याकरणाच्या पुस्तकात ही सर्व रूपे आहेत. सेवेत कोणते किती वेळा येईल, ते पुस्तक सांगू शकत नाही.

हे जाणण्यासाठी मोठ्या यंत्रणेची आवश्यकता नाही. दोन दूरध्वनी, पडद्याआड बसणारी एक व्यक्ती, निरनिराळ्या जिल्ह्यांतील आणि वयांतील वीसपंचवीस सहभागी आणि नोंदीची शिस्त एवढ्यावर पहिली फेरी होऊ शकते. मात्र तीन पथ्ये पाळली पाहिजेत. पहिले, कोणता निकाल लागल्यास कल्पना सोडावयाची, हे आधी लिहून ठेवावे. मागाहून ठरविलेला निकष नेहमीच आपल्या बाजूने झुकतो. दुसरे, सहभागी व्यक्तीला काम सांगताना आपले शब्द तिच्या तोंडी घालू नयेत. ‘बैठक रद्द करा’ असे पत्रकावर लिहिले तर तेच वाक्य परत ऐकू येणार. त्याऐवजी ‘तुम्हाला ताप आला आहे आणि दुपारी तीन वाजता लोक येणार आहेत’ अशी परिस्थिती द्यावी. तिसरे, पडद्याआडच्या व्यक्तीने भावी यंत्राहून अधिक शहाणे होऊ नये. माणूस अर्धवट वाक्यही समजून घेतो. त्या समजुतीला नियमांनी आवर घातला नाही, तर परीक्षा माणसाची होते, यंत्राची नव्हे.

चौथी गोष्ट पथ्याहून मोठी आहे. या पद्धतीत लपवाछपवी अटळ असते. तेव्हा ध्वनिमुद्रणाला आधी संमती घेणे, प्रयोग संपताच खरा प्रकार समजावून सांगणे, आणि नको म्हणणाऱ्याची नोंद नष्ट करणे ही संशोधकाची बांधीलकी आहे. पैसे, आरोग्य किंवा पीक यांविषयीचा सल्ला देणाऱ्या सेवेत तर चुकीच्या उत्तराचे परिणाम सहभागी व्यक्तीला भोगावे लागतात. तेथे खऱ्या अडचणींवर प्रयोग न करता कल्पित परिस्थितीच द्यावी.

जलद प्रयोग सेवेचे भवितव्य सांगत नाही. विशिष्ट अटींत विशिष्ट लोकांनी काय केले, एवढेच सांगतो. परंतु तेवढेही न पाहता, इतर भाषांसाठी तयार झालेले साचे मराठीवर बसविले, तर त्यांत न मावणारी बोली चुकीची आणि ती बोलणारा अडाणी, असा निवाडा यंत्राकडून होत राहील. तो टाळण्यासाठी लागणारे ज्ञान आपल्या विभागांत आहे; ते कल्पनेच्या पहिल्याच टप्प्यावर वापरात आणणे हे पदव्युत्तर प्रबंधासाठीही उत्तम कार्यक्षेत्र ठरेल.