आधी वासरू, मग बैल : मावळच्या पोळ्यातील पहिला कासरा

महाराष्ट्राच्या बहुतेक भागांत पोळा श्रावणातील पिठोरी अमावास्येला साजरा होतो. पुणे जिल्ह्याच्या मावळ पट्ट्यात मात्र हा मान भाद्रपदी अमावास्येचा. लोणावळ्यालगतचे कुसगाव आणि त्याचा परिसर हा मुसळधार पावसाचा, भातशेतीचा मुलूख. चिखलणी व आवणीचे कष्ट उपसून बैलांचा खांदा तोवर मोकळा झालेला असतो. वृषभराजाच्या ऋणाचे स्मरण करण्यास याहून उचित वेळ कोणती?

आदल्या सायंकाळी खांदेमळणी होते. जुवाने घट्टे पडलेल्या खांद्यांना हळद व लोणी चोळून दुसऱ्या दिवशीच्या भोजनाचे आवतण दिले जाते. सणाच्या दिवशी स्नान, शिंगांना हिंगूळ व बेगड, गळ्यात घुंगुरमाळा, पाठीवर झूल, नवी वेसण आणि नवा कासरा. त्या दिवशी खांद्यावर जू ठेवायचे नाही. मारुतीरायाच्या दर्शनाहून बैल परतले की गृहिणी त्यांच्या पायांवर पाणी घालते, ओवाळते आणि पुरणपोळीचा घास भरवते.

या सोहळ्यात आणखी एक लहानसा संस्कार घडतो. पंचांगात मात्र त्याची नोंद नसते. घरातील पाच-सहा वर्षांच्या मुलाच्या हाती प्रथमच कासरा येतो. मुलाचे मस्तक जेमतेम बैलाच्या खांद्याशी पोचते. मागे वडिलांचा हात असतो. कासरा मनगटाला गुंडाळू नये, मागून अचानक जवळ जाऊ नये, आधी हाक द्यावी व मगच हात लावावा, हे पाठ तो तेथेच शिकतो. बळाने नव्हे, विश्वासाने बैल चालतो, हे त्या चिमुकल्या मुठीला उमगते.

परंतु याच पुणे जिल्ह्यात बैलासमोर उभे राहण्याची दुसरीही एक रीत आहे. चैत्र-वैशाखातील यात्रांतून बैलगाडे घाटात धावतात. गाड्यावर हाकणारा नसतो. बैलांपुढे घोडी दौडते आणि वजनाने हलका म्हणून तिच्यावर पुष्कळदा कोवळा मुलगा बसविला जातो. सारा खेळ काही सेकंदांचा. भंडारा उधळला जातो, जयघोष होतो. पण घोडी अडखळली तर मागून येणाऱ्या बैलांना थांबविणार कोण? सर्वोच्च न्यायालयाने ७ मे २०१४ रोजी या शर्यतींना मनाई केली. राज्याने २०१७ मध्ये कायद्यात दुरुस्ती केली, १६ डिसेंबर २०२१ रोजी न्यायालयाने सशर्त अनुमती दिली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने ती दुरुस्ती वैध ठरविली. बैलाच्या छळाचा विचार झाला, हे योग्यच. घोडीवरील बालकाचा विचार मात्र घराघरांतूनच व्हावयास हवा.

दूर अमेरिकेतही असाच प्रश्न आहे. तेथील रोडिओ नामक खेळात प्रौढ स्वाराने उसळत्या बैलावर आठ सेकंद टिकावयाचे असते. लहान मुलांसाठी मात्र बैल नसतो; त्यांना मेंढीच्या पाठीवर बसवितात. डोक्यावर शिरस्त्राण, अंगात जाड जाकीट, खाली मऊ माती, आणि मुलाच्या वजनालाही मर्यादा. तरीही मूल पडते, रडते. मेंढीला त्रास होतो म्हणून आक्षेपही घेतले जातात. तथापि वयाप्रमाणे प्राणी निवडावा, एवढे भान त्या खेळालाही ठेवावे लागले.

हे भान आपल्याकडे नवे नाही. भागवताच्या दशम स्कंधाचे स्मरण करावे. बाळकृष्णाला नंदाने प्रथम गाई दिल्या नाहीत. आधी तो वासरे राखणारा वत्सपाल झाला. वय वाढल्यावर त्याच्याकडे गाई आल्या. तो दिवस कार्तिक शुद्ध अष्टमीला गोपाष्टमी म्हणून पाळला जातो. कोसलराज नग्नजिताचे सात मत्त बैल त्याने एकाच वेळी आवरले, ते त्याहून पुष्कळ पुढे, त्या राजाची कन्या सत्या हिच्या विवाहप्रसंगी. साक्षात भगवंतानेही वासरू, गाय, बैल हा क्रम मोडला नाही; मग आपल्या लेकरांसाठी आपण तो का मोडावा?

आज मावळातही भातखाचरांतून पॉवर टिलर फिरतो आणि अनेक गोठे रिकामे झाले आहेत. ज्यांच्या दारी बैल नाही त्यांनी मातीची बैलजोडी पुजावी. विदर्भात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा भरतो. मुले लाकडी बैल सजवून मिरवितात. त्यातही हाच विचार आहे: मुलाची मूठ जेवढी, तेवढाच त्याचा बैल.

मुलाला धीट करावे, यात दुमत नाही. परंतु धाडस आणि साहसाचा हव्यास यांत अंतर आहे. यंदाच्या पोळ्याला मुलाच्या हाती कासरा अवश्य द्यावा. दुसरे टोक मात्र आपल्या हातून सुटू देऊ नये. आणि यात्रेत घोडीवर बसण्याचा हट्ट त्याने धरलाच, तर त्याला गोकुळातील वासरांची गोष्ट सांगावी.