गोदावरीचे पाणी समुद्रात वाया जाते काय?

मराठवाड्यात पावसाने ओढ दिली, की सभांतून, वर्तमानपत्रांतून आणि सरकारदरबारी गेलेल्या अर्जांतून एक मागणी हमखास पुढे येते: समुद्रात वाया जाणारे पाणी अडवा. ज्या छत्रपती संभाजीनगरास पिण्याचे पाणी पैठणच्या नाथसागरातून उपसून आणावे लागते, तेथील रहिवाशाच्या तोंडी ही मागणी यावी यात नवल नाही, आणि तहानेच्या प्रश्नावर त्याच्याशी वाद घालण्याचा माझा हेतूही नाही. परंतु नदी समुद्रास मिळाली की तिचे काम संपले, ही जी समजूत या मागणीच्या बुडाशी आहे, ती शास्त्राच्या कसोटीस उतरत नाही.

शहराच्या आसपास विहीर खणली जात असता खड्ड्याची कड निरखून पाहावी. तळाशी सुरुंगावाचून न फुटणारा काळा पाषाण, त्यावर कुदळीने सहज सुटणारा पिंगट मुरूम आणि सर्वांत वर काळी माती. हे तीन निराळे पदार्थ नसून सुमारे 6 कोटी 60 लक्ष वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाच्याच झिजेच्या पायऱ्या होत. ज्या बसाल्टात वेरूळचे कैलास लेणे कोरले गेले, तोच बसाल्ट, हवेतील कार्बन डायऑक्साइड विरघळल्यामुळे किंचित आम्लधर्मी झालेल्या पावसाच्या पाण्याने झिजत जातो, तेव्हा त्यातील कॅल्शियम व सिलिका पाण्यात उतरतात. आणि अरबी समुद्रापासून अवघ्या 80 किलोमीटरांच्या आसपास त्र्यंबकेश्वरी उगम पावूनही त्याकडे पाठ फिरवणारी गोदावरी हा ऐवज 1,465 किलोमीटरांचा प्रवास करून बंगालच्या उपसागरात जमा करते.

तेथे त्याचे हक्कदार वाटच पाहत असतात. कॅल्शियम शंख-शिंपल्यांच्या कामी येते. सिलिकेवर दावा डायटम नावाच्या एकपेशीय शैवलांचा. नुसत्या डोळ्यांना न दिसणारे हे जीव पाण्यातील सिलिका शोषून, कुंकवाच्या करंड्यासारखे झाकण असलेले पारदर्शक काचेचे कवच घडवतात, आणि पृथ्वीवरील एकंदर प्रकाशसंश्लेषणाचा सुमारे पाचवा हिस्सा एकट्या त्यांच्या नावावर जमा आहे. सिलिका आटली, की नायट्रोजन व फॉस्फरस मुबलक असूनही त्यांची वाढ खुंटते. धरण केवळ पाणीच अडवते, हाही म्हणूनच भ्रम: संथ जलाशयात डायटम तेथल्या तेथे वाढून, मरून, गाळाबरोबर तळाशी बसतात आणि समुद्राच्या वाट्याची काही सिलिका परस्पर खर्ची पडते.

प्राणवायू म्हणजे अरण्यांचीच देणगी, असे शाळेपासून आपल्या मनावर ठसलेले असते. वस्तुतः दरसाल नव्याने निर्माण होणाऱ्या प्राणवायूपैकी निम्म्याच्या आसपास समुद्रातील सूक्ष्म वनस्पतींचा असतो. मात्र त्यावरून आपला दर दुसरा श्वास समुद्राच्या उपकाराचा आहे असे जे हल्ली टाळ्या घेत सांगितले जाते, तेही अर्धसत्यच. कारण समुद्रात उत्पन्न होणारा जवळजवळ सारा प्राणवायू तेथील जीवांच्या श्वसनात आणि कुजण्यात संपतो, आणि हवेतील साठा ही कोट्यवधी वर्षांची अल्प अल्प शिल्लक आहे.

नद्या मोठ्या तर समुद्र समृद्ध, हा हिशेबही सरळ नाही. बंगालच्या उपसागरास गंगा, ब्रह्मपुत्रा, गोदावरी अशा महानद्या मिळत असूनही सूक्ष्म वनस्पतींच्या उत्पादनात तो अरबी समुद्राच्या मागे पडतो. कारण नद्यांचे हलके गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर थरासारखे पसरून राहते आणि खालच्या पाण्यातील पोषकद्रव्ये वर येऊ देत नाही, तर अरबी समुद्रात नैर्ऋत्य मोसमी वारे तीच द्रव्ये खालून उपसून आणतात.

असे असूनही नदीमुखाशी पुराची मातब्बरी कमी होत नाही. समुद्रात वाढणारा हिलसा मासा पुराचे पाणी येताच अंडी घालण्यासाठी नदीत शिरतो. गोदावरीत चढलेल्या त्याच माशाला आंध्रातले लोक पुलसा म्हणतात आणि त्यासाठी वाटेल ती किंमत मोजतात. इंग्रज अभियंते आर्थर कॉटन यांच्या कारकिर्दीत 1852 साली गोदावरीवरील धवळेश्वरमचा बंधारा पुरा झाल्यापासून त्याची वर चढण्याची वाट अडली आहे, आणि बंधाऱ्याखालच्या जेवढ्या पट्ट्यात तो अजून येतो, तेथेही तो येतो तो पुराचे पाणी समुद्रापर्यंत पोहोचते म्हणूनच.