कार्टूनच आहे, मग पाच वर्षांच्या पोराला न्यायचं का?

इंदूर : ‘महावतार नरसिंह’ हा अ‍ॅनिमेशनपट 25 जुलै 2025 रोजी प्रदर्शित झाला. गोष्ट प्रल्हादाची, त्यात देवाची, म्हणजे सहकुटुंब बघायला हरकत नाही, असं घरोघरी सहज ठरतं. इंदुरात तर नृसिंह बाजारच आहे, आणि नीरा-नरसिंहपूरचा नृसिंह कितीतरी मराठी घरांचं कुलदैवत. तरी प्रश्न उरतोच : चार-पाच वर्षांच्या मुलाला हे झेपेल का?

आधी प्रमाणपत्राचं पाहू. पूर्वी ‘यूए’ ही एकच पायरी होती, 12 वर्षांखालच्या मुलांसाठी. 2023 च्या कायदा दुरुस्तीनंतर तिच्या तीन झाल्या : यूए 7+, यूए 13+ आणि यूए 16+. ‘ए’ प्रमाणपत्र असेल तर अठरा वर्षांखालच्यांना प्रवेशच नाही. यूएचं तसं नाही. तो आकडा पालकांसाठी सल्ला आहे, बंदी नव्हे. आई-बाबांचं बोट धरून पोर आत जातं.

2016 मध्ये ‘द जंगल बुक’ला यूए मिळालं तेव्हा लोक हसले होते. मोगलीची गोष्ट, तीही आपल्या मध्य प्रदेशातल्या शिवनीची, तिला कसलं यूए? थ्रीडीत प्राणी अंगावर येतात, मुलं घाबरतील, असं मंडळाचे तेव्हाचे अध्यक्ष पहलाज निहलानी यांचं म्हणणं. थट्टा झाली, पण मुद्दा अगदीच पोकळ नव्हता. शेरखान ओळखीचा असला तरी अंधारात तो अंगावर झेपावतो तेव्हा ओळख कामाला येत नाही.

नृसिंहाचंही तेच. आजी गोष्ट सांगते तेव्हा खांबातून निघालेला सिंह केवढा, हे पोर स्वतः ठरवतं. पोराचे डोळे मोठे झाले की आजी उंबरठ्यावरचा प्रसंग दोन वाक्यांत उरकते. पडदा उरकत नाही. तिथे नखं, रक्त, आवाज सगळं दुसऱ्याने ठरवलेलं असतं. त्यात आपण रक्ताकडेच बघतो. लहान मुलाला कदाचित दुसरंच टोचेल : प्रल्हाद त्याच्याएवढाच आहे, आणि त्याला मारायला निघालेला त्याचा स्वतःचा बाप आहे. यावर घरी बोलणं झालेलं नसेल तर पोर रात्री विचारणारच.

म्हणून ट्रेलरवर विसंबू नका. घरातल्या एका मोठ्याने आधी बघून यावं. गोष्ट शेवटासकट घरी सांगून ठेवावी, प्रल्हाद वाचतो हे पोराला माहीत असू द्यावं. सीट कडेची घ्यावी. पोर कानांवर हात ठेवू लागलं, मांडीवर चढलं, की ‘अरे, खोटं आहे ते’ म्हणत बसू नये. बाहेर यावं, तिकिटाचे पैसे गेले तर गेले. घरी ओटीटीवर दिवा लावून, मधे थांबवत बघता येतं, आणि नको तो भाग पुढे ढकलता येतो, आजीसारखाच.