उडती गाडी थांबते तेव्हा

चेन्नईत बीच स्थानकापासून वेलचेरीपर्यंत जाणाऱ्या लोकलला तिथले लोक 'परक्कुम रयिल' म्हणतात. परक्कुम रयिल म्हणजे उडती गाडी! मार्गाचा बराचसा भाग उंच खांबांवरून जातो, म्हणून हे नाव. १९९५ मध्ये ही गाडी बीचपासून चेपॉकपर्यंत सुरू झाली. १९९७ मध्ये ती मैलापूरला पोचली आणि वेलचेरी गाठायला २००७ साल उजाडले. सचिवालय, हायकोर्ट आणि जॉर्ज टाउनमधल्या पेढ्या व कचेऱ्या यांत काम करणाऱ्यांची या गाडीने मोठीच सोय झाली.

२७ ऑगस्ट २०२३ रोजी या गाडीचे एक टोक कापले गेले. बीच आणि एग्मोर यांच्यामध्ये चौथा रेल्वेमार्ग टाकायचा होता. लांबी जेमतेम सव्वाचार किलोमीटर, पण काम उडत्या गाडीच्या रुळांना खेटून. त्यामुळे चिंताद्रिपेटपासून बीचपर्यंत गाडी बंद करण्यात आली. सात महिन्यांत काम उरकेल असे सांगितले होते, प्रत्यक्षात चौदा लागले. २९ ऑक्टोबर २०२४ रोजी गाडी पुन्हा बीचला पोचली.

सात महिने असोत की चौदा, रोज कामावर जाणाऱ्या माणसाने अशा वेळी दुसरा रस्ता धरायला हवा. निदान नकाशा पाहणाऱ्याला तरी तसे वाटते. नकाशावर रस्ते होतेही. चिंताद्रिपेटहून चालत जाण्याजोग्या अंतरावर गव्हर्नमेंट इस्टेट हे मेट्रोचे स्थानक आहे. तिथून सेंट्रल आणि त्यापुढचेच स्थानक हायकोर्ट. मेट्रोचा हा टप्पा २०१९ पासून सुरू आहे. शिवाय शहर बस आहे, आणि चेन्नईच्या रस्त्यांवर हात दाखवला की थांबणारी शेअर रिक्षा आहेच.

मग लोक नेहमीचीच गाडी का धरून बसतात? चिंताद्रिपेटला उतरून उरलेला प्रवास धक्के खात करतील, पण घरापासूनच वेगळा रस्ता घ्यायचा विचार मनात येत नाही, असे का?

पहिले कारण पाकिटात असते. लोकलचा महिन्याचा पास मेट्रोत चालत नाही आणि बसमध्येही नाही. मेट्रोचे सर्वांत कमी तिकीट १० रुपये. येऊन-जाऊन २०, म्हणजे कामाच्या पंचवीस दिवसांचे निदान ५०० रुपये, आणि तेही पासाच्या वर! ज्या गाडीत ५ रुपयांपासून तिकीट मिळते, तिची सवय लागलेल्या घराला हा खर्च लगेच जाणवतो. मे २०२१ पासून तमिळनाडूत साध्या शहर बसमध्ये बायकांना तिकीट लागत नाही. त्यामुळे एकाच घरातून निघणाऱ्या नवरा-बायकोचे हिशेबही वेगळे होतात. बस वेळ जास्त घेत असली तरी तिला ती परवडते आणि त्याला पास सोडवत नाही. बाहेरून पाहणाऱ्याला हा हट्ट वाटेल, पण महिनाअखेरीला घर चालवणारीला तसे वाटणार नाही.

दुसरे कारण चालण्याचे. दोन स्थानकांमधले दहा मिनिटांचे अंतर कागदावर काहीच नसते. मे महिन्यातल्या चेन्नईच्या उन्हात, हातात डबा आणि खांद्याला पिशवी घेऊन ते चालायचे म्हटले की अंगाचे पाणी पाणी होते. या मार्गावरची बरीच स्थानके म्हणजे काँक्रीटची प्रचंड, रिकामी दालने. संध्याकाळी उशिरा अनोळखी जिन्यावरून उतरण्यापेक्षा ओळखीच्या डब्यात, ओळखीच्या चेहऱ्यांमध्ये उभे राहणे बायकांना बरे वाटले तर त्यात नवल नाही.

अचानक गाडी बंद पडते तेव्हाची गोष्ट आणखी निराळी. मुंबईकरांना ती सांगायला नको. फलाटावर वीस मिनिटे उभे राहिल्यावर बाहेर पडावेसे वाटत नाही, कारण ती वीस मिनिटे फुकट जातात. शिवाय आपण जिना चढलो की गाडी येणार, अशी प्रत्येकाची खात्री असते! डिसेंबर २०२३ मध्ये मिचाँग वादळाने चेन्नई पाण्याखाली गेली आणि लोकल गाड्या थांबल्या. मेट्रो मात्र चालू होती. पण सेंट थॉमस माउंट स्थानकाच्या दाराशीच पाणी साचल्याने तिथल्या प्रवाशांना आलंदूरला जायला सांगावे लागले. दुसरा रस्ता आहे एवढे कळून भागत नाही, त्या रस्त्याच्या दारापर्यंत पोचता यावे लागते.

तरीही सगळा दोष सोयींवर टाकता येणार नाही. सवयीचाही वाटा आहे आणि तो लंडनमध्ये मोजला गेला आहे. फेब्रुवारी २०१४ मध्ये तिथल्या भुयारी रेल्वेचे कर्मचारी दोन दिवस संपावर गेले. काही स्थानके बंद, काही चालू. लोकांना नाइलाजाने नवे रस्ते शोधावे लागले. लारकॉम, राउख आणि विलेम्स या तीन अर्थशास्त्रज्ञांनी प्रवाशांच्या कार्डांवरच्या नोंदी तपासल्या. त्यांना आढळले, की संप मिटल्यावरही सुमारे ५ टक्के प्रवासी नव्या रस्त्यानेच जात राहिले. म्हणजे त्यांचा रोजचा जुना रस्ता मुळात सोयीचा नव्हताच, पण तो तपासून पाहायची वेळ कधी आली नव्हती! लंडनच्या रेल्वेचा सुटसुटीत नकाशा खरी अंतरे दाखवत नाही, तेही याचे एक कारण निघाले. अर्थात उरलेले ९५ टक्के जुन्याच वाटेला राहिले. त्यांतल्या पुष्कळांची वाट बरोबरच असणार.

चेन्नईत आणखी एक वाट होऊ शकली असती. वेलचेरीपासून सेंट थॉमस माउंटपर्यंतच्या पाच किलोमीटरच्या जोडमार्गाचे काम २००८ मध्ये हाती घेतले होते. तो वेळेत झाला असता, तर वेलचेरीचा माणूस तिकडून ताम्बरम-बीच लोकल पकडून त्याच पासावर, रेल्वेच्या आवारातून बाहेरही न पडता, बीचला पोचला असता. पण आदंबाक्कमच्या जमिनीचा वाद उभा राहिला आणि काम वर्षानुवर्षे रखडले. बीचकडची गाडी चौदा महिने बंद होती, त्या काळातही हा जोडमार्ग सुरू झालेला नव्हता.

सप्टेंबर २०२५ मध्ये बस, मेट्रो आणि लोकल या तिन्हींचे तिकीट एकाच ठिकाणी देणारे 'चेन्नई वन' हे मोबाइल अॅप सुरू झाले. तिकिटाच्या रांगा त्याने वाचतात. गव्हर्नमेंट इस्टेटपर्यंतचे ऊन मात्र तेवढेच आहे.